पहिला तास कमांडोंचा नसतो

'कमांडो' हा शब्द मराठी बोलण्यात आता पूर्ण रुळला आहे. मंत्र्यांच्या मागे काळ्या गणवेशात उभा असलेला अंगरक्षक, गडचिरोलीच्या जंगलात गस्त घालणारा पोलीस आणि विमानातून समुद्रात उडी टाकणारा नौसैनिक या तिघांनाही सामान्य माणूस एकाच नावाने ओळखतो. मग साहजिकच प्रश्न येतो की, यांतील सर्वांत श्रेष्ठ कोण? वाहिन्यांवरील चर्चांपासून सैनिक भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या गप्पांपर्यंत हा प्रश्न सतत विचारला जातो. वास्तविक प्रत्येक दल एका विशिष्ट कामासाठी घडवलेले असते आणि त्या कामाबाहेर त्याची गुणवत्ता झपाट्याने घटते. गेल्या दोन दशकांत या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत देशाने अनेकदा मोजली आहे.

लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेसचे उदाहरण आधी घ्यावे लागेल. १९६५च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी उभारलेल्या तुकडीच्या अनुभवातून १९६६मध्ये नववी पॅराशूट कमांडो पलटण आकाराला आली. शत्रूच्या प्रदेशात खोलवर शिरणे, तेथे दिवसेंदिवस लपून राहणे, ठरलेले लक्ष्य उद्ध्वस्त करणे आणि परतणे, हे या दलाचे काम. त्यामुळे त्याच्या निवडीत नेमबाजीइतकेच महत्त्व झोपेविना, अन्नाविना आणि वरिष्ठांच्या आदेशाविना निर्णय घेण्याच्या क्षमतेला असते. महाराष्ट्राचे या दलाशी जुने नाते आहे. एकविसावी पॅरा पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. १९९६मध्ये तिचे रूपांतर विशेष दलात झाले आणि 'वाघनख' हे नाव तिने मिरवले. २०१५मध्ये काश्मीरमधील कुपवाडा जिल्ह्यात धारातीर्थी पडलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच परंपरेतील अधिकारी होते.

नौदलाच्या 'मार्कोस'ची उभारणी १९८७मध्ये झाली. जहाजे, बंदरे, तेलविहिरींचे फलाट आणि किनारे हे त्यांचे कार्यक्षेत्र. मार्च २०२४मध्ये अपहृत 'रुएन' जहाजावरील मोहिमेत भारतीय किनाऱ्यापासून फार दूर समुद्रात हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस उतरले. सुमारे ४० तासांच्या मोहिमेनंतर ३५ चाच्यांनी शरणागती पत्करली आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. हवाई दलाचे 'गरुड' २००४मध्ये अस्तित्वात आले. विमानतळांचे रक्षण आणि शत्रूप्रदेशात अडकलेल्या वैमानिकांची सुटका या त्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या आहेत.

राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, म्हणजे एनएसजी, या तिन्हींपेक्षा वेगळे. १९८४च्या अनुभवानंतर त्याची कल्पना पुढे आली आणि १९८६मध्ये त्यासाठी कायदा झाला. ते गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. त्याचा हल्ला करणारा गट लष्करातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या जवानांचा, तर साहाय्यक गट निमलष्करी दलांमधून आलेल्यांचा असतो. या दलाच्या प्रशिक्षणाचा गाभा अगदी अरुंद आहे आणि ती अरुंदता हेतुपूर्वक ठेवलेली आहे. बंद खोलीत शिरायचे, क्षणार्धात ओलीस आणि अतिरेकी यांतील फरक ओळखायचा आणि फक्त दुसऱ्यावर गोळी झाडायची. पॅरा जवानासाठी समोरचा परिसर बहुधा शत्रूचा असतो. एनएसजीच्या जवानासाठी तो आपल्याच नागरिकांनी भरलेला असतो. दोघांच्या हाती तीच रायफल असली, तरी बोट चापावर ठेवण्यापूर्वीचा विचार वेगळा असतो आणि प्रशिक्षणाचे बहुतेक दिवस हा विचार अंगी मुरवण्यातच जातात.

नेमक्या याच फरकाची कसोटी २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत लागली. मार्कोस मुंबईतच होते. मध्यरात्रीनंतर ते ताज आणि ट्रायडंट हॉटेलांत पोहोचले. त्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही. परंतु शेकडो खोल्यांच्या, अनोळखी, धुराने भरलेल्या इमारतीतून मजल्यामागून मजला मोकळा करणे हे त्यांचे नेहमीचे काम नव्हते आणि त्यासाठी लागणारे संख्याबळही त्यांच्यापाशी नव्हते. ज्यांचे ते काम होते, ते एनएसजी दिल्लीजवळच्या मानेसरला होते आणि त्यांना नेणारे विमान चंदीगडला. हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला. एनएसजीची प्रत्यक्ष कारवाई सुरू होण्यास दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली आणि ती संपली २९ तारखेला. मधल्या काळात लढले ते मुंबई पोलीस. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना त्याच रात्री वीरमरण आले. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी केवळ लाठी हाती असताना कसाबला पकडून ठेवले आणि प्राण दिले.

त्यानंतरच्या चौकशीत राम प्रधान समितीने नोंदवलेली एक बाब आजही अस्वस्थ करणारी आहे. मुंबई पोलिसांकडे शीघ्र कृती दल होते. मात्र दारूगोळ्याच्या टंचाईमुळे त्यातील जवानांना दीर्घकाळ गोळीबाराचा सरावच मिळाला नव्हता. दल कागदावर होते, गणवेशात होते, पण त्याच्या कौशल्याला गंज चढू दिला गेला होता. विशेष दलाचे कौशल्य वापराविना टिकत नाही. सराव थांबला की काही महिन्यांतच असा जवान साध्या पोलिसाच्या पातळीवर येतो, ही या प्रशिक्षणाची स्वाभाविक मर्यादा आहे.

या धड्यातून दोन निर्णय झाले. २००९मध्ये एनएसजीची मुंबईसह प्रमुख शहरांत केंद्रे उघडण्यात आली आणि महाराष्ट्राने 'फोर्स वन' हे स्वतःचे दल उभारले. अंतर कमी झाले, हे खरे. तरीही योग्य प्रसंगी योग्य दल पाठवण्याचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. जानेवारी २०१६मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला तेव्हा आसपास लष्कराची मोठी शिबंदी असताना सुरुवातीला एनएसजीवर भर देण्यात आला. विस्तीर्ण, झाडाझुडपांनी भरलेला तळ हे ओलिसांच्या सुटकेचे ठिकाण नव्हते. या निर्णयावर अनेक निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी तेव्हा बोट ठेवले होते.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी १९९०मध्ये ६० जवानांचे जे पथक उभारले, त्याला 'सी-६०' हे नाव त्या संख्येवरूनच मिळाले. त्यातील जवान त्याच जिल्ह्यातले, गोंडी आणि माडिया जाणणारे, जंगलातील पायवाटा लहानपणापासून तुडवलेले. त्यांना मानेसर, कांकेर, हैदराबाद आणि नागपूर येथे प्रशिक्षण मिळते. तथापि त्यांची खरी ताकद कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात तयार झालेली नाही. कोणत्या गावात अनोळखी माणसे आली, कोणत्या घरात नेहमीपेक्षा जास्त भात शिजला, हे त्यांना आपल्या भाषेत कळते. नोव्हेंबर २०२१मधील मर्दिनटोला चकमकीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मिलिंद तेलतुंबडे याच्यासह २६हून अधिक जण मारले गेले. ऑक्टोबर २०२५मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. मात्र १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ खासगी वाहनातून निघालेल्या शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि वाहनचालक भूसुरुंगात बळी पडले. रस्ता तपासून मगच पुढे जाण्याचा साधा नियम मोडला गेला, तर पथकाचे नाव कोणाला वाचवत नाही.

हे सारे छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला दूरचे वाटण्याचे कारण नाही. मे २००६मध्ये आरडीएक्स आणि एके-४७ रायफलींचा जो साठा पकडला गेला, तो खटला 'औरंगाबाद शस्त्रसाठा' या नावानेच ओळखला जातो आणि त्यात २०१६मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले. मार्च २०१२मध्ये हिमायतबागेत दहशतवादविरोधी पथकाची चकमक झाली. म्हणजे धोका या शहराच्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. अशी एखादी घटना उद्या पुंडलिकनगरसारख्या वसाहतीत घडली तर काय होईल? घरे एकमेकांना खेटून आहेत, गल्ल्यांत दुचाकी लावलेल्या असतात, गच्चीवरून गच्चीवर सहज जाता येते. एनएसजीचे मुंबई केंद्र आणि फोर्स वन तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहेत. समृद्धी महामार्गाने किंवा चिकलठाणा विमानतळावर उतरून ते आले, तरी आदेश, जमवाजमव आणि प्रवास यांत काही तास जाणारच. राज्य राखीव पोलीस दलाचा गट शहरात आहे. परंतु जमाव आवरणे आणि खोलीतील ओलीस सोडवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत.

पहिल्या तासात तेथे पोहोचेल तो पुंडलिकनगर पोलीस ठाण्याचा शिपाई. त्याने अतिरेक्यांना मारावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याने गल्लीची तोंडे बंद करावीत, लोकांना आतल्या खोल्यांत थांबवावे, बघ्यांना आणि कॅमेऱ्यांना मागे ठेवावे, हल्लेखोर एका इमारतीबाहेर पडणार नाहीत असे पाहावे आणि आत किती जण, कोठे आहेत याची खात्रीची माहिती गोळा करावी. मुंबईत नेमक्या याच गोष्टी सुरुवातीला कमी पडल्या. ताजमधील कारवाईचे थेट प्रक्षेपण सीमेपलीकडचे सूत्रधार पाहत होते. जगातील कोणतेही विशेष दल घेरा घातलेल्या, शांत केलेल्या आणि माहिती उपलब्ध असलेल्या ठिकाणीच आपले कसब दाखवू शकते.

म्हणूनच दलांची तुलना करायची तर ती नागरिकाच्या उपयोगाची असावी. ठाण्यातील किती जणांकडे वापरण्याजोगी बुलेटप्रूफ जाकिटे आहेत, वर्षातून किती वेळा त्यांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव होतो, मोठ्या इमारतींचे नकाशे नियंत्रण कक्षात आहेत काय, बाहेरचे दल येईपर्यंत सूत्रे कोणाकडे राहतील हे लेखी ठरले आहे काय, हे प्रश्न लोकप्रतिनिधींनी आणि नागरिकांनी पोलीस आयुक्तालयाला विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर मुंबईहून येणारे कमांडो उशिरा पोहोचले तरी त्यांचे काम सोपे झालेले असेल. तशी नसतील, तर ते कितीही लवकर आले तरी त्यांच्यासाठी उरलेले काम बव्हंशी मृतदेह मोजण्याचे असेल.