मामाच्या तुपातली माशी

मराठी आई बाळाला घास भरवते ती चांदोबा दाखवून. चांदोबा कोण, तर मामा. मामाचं घर कसलं, तर घडीव दगडांचा वाडा. मामाच्या तुपात माशी पडते आन् मामा न जेवता तसाच राहतो. संपलं गाणं.

आता बोला. एका माशीपायी ताट सोडणारा माणूस तुमच्या कुणाच्या घरात हाय? आमच्या सूतगिरणीत डबा उघडला की डाळीवर कापसाचे तंतू बसतात. बोटानं बाजूला सारतो आन् खातो. मीबी कुणाचा तरी मामाच हाय, पण खोली दहा बाय बारा आन् वर पत्रा. वस्तीतलं पोर माशीबद्दल विचारणारच नाही. ते विचारील, मंग ते तूप कुणी खाल्लं?

पावसाचं गाणं त्याहून भारी. पावसाला पैशाची लालूच, पैसा निघतो खोटा, तरी पाऊस धो धो काम करून जातो. असा गडी कुठल्या मालकाला नको? महारकी वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. पावसाची महारकी चालूच हाय.

आन् ती चिमणीकावळ्याची गोष्ट! चिमणीचं घर मेणाचं, ते टिकतं. कावळ्याचं शेणाचं, ते वाहून जातं. वैशाखाचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्यानंच मेणाचं घर बांधावं. काळा कावळा दाराशी भिजत उभा, आणि आतली बाई बाळाचं न्हाणंमाखणं काढून बसलेली. दार उघडत नाही. तीन वर्षांच्या पोराला एवढं शिकवलं की पुढं काय शिकवायचं राहिलं? पण घरात कुणी मेलं की दहाव्याला ह्याच कावळ्याच्या नाकदुऱ्या. पिंड ठेवून नदीकाठी तासन्‌तास त्याची वाट बघतात. (आपल्यातलेही काही अजून बघतात. त्यांच्याशी वेगळं भांडू.)

पांढरपेशे म्हणतील, बडबड ती बडबड, तिच्यात कसली जात काढता? मान्य. पोराला अर्थ नको, ताल पाहिजे. चंद्राला खुशाल मामा म्हणा. पण एवढ्या निरर्थकात तूप, सोनं आन् दगडी वाडा तेवढे शाबूत कसे? तीट लावतानाच्या गाण्यातही कडं सोन्याचं, वाळा चांदीचा. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये ह्याच वस्तूंचा हिशेब मांडलाय. इंदूरकडच्या बलाई बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत हा सवर्णांचा हुकूम, १९२८ सालची बातमी. आन् जयपूर संस्थानातलं चकवारा गाव. एका अस्पृश्यानं यात्रेहून येऊन आपल्या लोकांना जेवण दिलं, पंगतीत तूप वाढलं. शेकड्यांनी हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, जेवणारांना बडवलं. त्या तुपात माशी नव्हती पडली.

आपल्या आज्यांनी जात्यावर भीमाच्या ओव्या गायल्या, पाळणे म्हटले. पण घास भरवताना तोंडात येतो तो चांदोबाच, आता तर मोबाइलवर, रंगीत चित्रांसकट.

दोस्तहो, क्रांतीवरच्या कविता ढिगानं येतात. पुढच्या अंकाला चार ओळींची बडबड पाठवा. नळावरची रांग घ्या, पाळीचा भोंगा घ्या, करपलेली भाकरी घ्या. कावळ्याला घरात घ्या. यमक नाही जुळलं तरी चालेल. आधी घरातल्या पोराला म्हणून दाखवा. ते खिदळलं नाही तर पाठवू नका.