वरून पाहणारे, खालून ऐकणारे

1988 मध्ये सोव्हिएत अग्निबाणाने ‘आयआरएस-1ए’ हा उपग्रह कक्षेत नेला आणि भारताला आपली पिके, जंगले व जलाशय वरून नियमितपणे न्याहाळता येऊ लागले. या दृष्टीचा लाभ तत्काळ दिसतो. म्हणून तिला राजाश्रयही सहज मिळतो. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात मात्र 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना दूरच्या विश्वातील अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. या श्रवणाला शांतता लागते. दळणवळणाच्या उपग्रहांतील यंत्रणेतून अनाहूत लहरी निसटतात, असे 2023 मध्ये युरोपातील ‘लोफार’ दुर्बिणीने दाखवून दिले. आणि असे उपग्रह आता हजारोंनी फिरत आहेत. उपग्रह हवेतच; परंतु त्यांच्या परवान्यातच रेडिओशांततेची अट असली पाहिजे. आजच्या सोयीपायी उद्याच्या ज्ञानाचे कान बंद करणे, हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.