समीक्षकाचा कान की मोजमाप?

हाय-फाय ॲम्प्लिफायर घेताना समीक्षकांच्या शब्दावर कितपत विसंबावे, या जुन्याच प्रश्नात ग्राहकाचे हजारो रुपये अडकलेले असतात. ‘उबदार’, ‘मोकळा’ ही विशेषणे मोजता येत नाहीत. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ या नियतकालिकाला आव्हान दिले. त्यांच्याच पसंतीच्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसारखा ध्वनी त्याने आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर यंत्रातून काढून दाखवला. तेथील जाणत्या कानांनाही दोहोंतला फरक सांगता आला नाही.

म्हणून सारे ॲम्प्लिफायर सारखेच, असे मात्र नव्हे. कमी इम्पिडन्सच्या स्पीकरला पुरेसा विद्युतप्रवाह न पुरवणारे यंत्र मोठ्या आवाजात अडखळतेच. प्रश्न आहे तो परीक्षणाच्या पद्धतीचा. दोन यंत्रांच्या आवाजाच्या पातळीत किंचित फरक असला, तरी मोठा आवाज सरस भासतो. त्यामुळे पातळी समान न करता, यंत्राचे नाव व किंमत ठाऊक असताना दिलेला कौल कच्चाच ठरतो. त्यातच परीक्षणासाठी यंत्र पुरवणारी कंपनी अनेकदा जाहिरातदारही असते.

तेव्हा मोजमापे आणि तुलनेची पद्धत उघड करणाऱ्या समीक्षकाचेच ऐकावे. अखेरचा निर्णय मात्र आपल्या स्पीकरवर, आपल्याच कानांनी घ्यावा.