खिळ्यांची फळी आणि नशिबाचा वांटा

सुटीच्या दिवसांत ज्या घरांत पांचसात मुलें एकत्र जमतात, त्या घरांत खिळ्यांची फळी बहुधा कोठें तरी माळ्यावर असतेच. कोणी तिला बॅगाटेल म्हणतात. मुलें नुसता 'छर्ऱ्यांचा खेळ' म्हणून मोकळीं होतात. गुळगुळीत लांकडावर अर्धवर्तुळाकार ठोकलेले खिळे, प्रत्येक घरट्यापाशीं रंगविलेला आंकडा, उजव्या कडेस स्प्रिंगचा दट्ट्या आणि आंत सोडावयाचे छर्रे, एवढाच तिचा संसार. आमच्या शिळफाट्यावर मोटारदुरुस्तीचीं दुकानें असल्यामुळें छर्ऱ्यांचा तुटवडा कधीं पडत नाहीं. झिजलेल्या बेअरिंगांतले मागितले कीं मिळतात.

या निरुपद्रवी फळीविषयीं एका विचारी गृहिणीनें मला गेल्या महिन्यांत जो प्रश्न केला, तो वाचकांपुढें मांडण्याजोगा वाटला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, छर्रा कोणत्या घरांत पडेल तें मुलाच्या हातीं नसतें. मग हा जुगारच नव्हे का? आज आंकडे मोजतात, उद्यां पैसे मोजतील." प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. न्यूयॉर्कसारख्या शहरानें तो चौतीस वर्षें उराशीं बाळगला होता.

फळीचें मूळ फ्रान्समधील बैठकीच्या खेळांत आहे. तेथें लांबट टेबलावर काठीनें चेंडू ढकलीत. १८७१ सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रज गृहस्थानें काठीच्या जागीं स्प्रिंगचा दट्ट्या बसवून त्याचें पेटंट घेतलें. पुढें १९३१ सालीं, मंदीनें लोक गांजलेले असतां, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यानें 'बॅफल बॉल' नांवाचें पेटीवजा यंत्र साडेसतरा डॉलरांस विकण्यास काढलें. फटींत एक सेंट टाकावा आणि पांचसात गोळ्या उडवाव्या. ज्याच्या खिशांत नाटकसिनेमाचे पैसे नव्हते, त्यालाहि ही करमणूक परवडे. हाच पिनबॉल.

त्या यंत्रांत दट्ट्या सोडला कीं खेळणाराचें काम संपे. उरे तें फक्त पेटीला धक्के देणें. धक्के इतके वाढले कीं हॅरी विल्यम्स या कारागिरानें, असें सांगतात, पेटीच्या तळाला खिळे ठोकले, म्हणजे खालून थाप मारणाराच्या हाताला ते टोंचावे! मास्तरकींत जन्म गेलेल्या माणसालाहि ही शिक्षा अंमळ कठोर वाटते. त्यालाहि वाटली असावी, कारण पुढें त्यानें 'टिल्ट'ची युक्ति काढली. तिचें रूढ स्वरूप असें: धातूच्या कड्यामधून गवंड्याच्या ओळंब्यासारखें वजन लोंबतें, पेटी फार हलली कीं वजन कड्याला शिवतें, वीज वाहते, आणि डाव बंद. हलक्या धक्क्याला मुभा, दांडगाईला नाहीं.

न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनीं १९४२ च्या जानेवारींत हीं यंत्रें जुगाराचीं ठरवून शहरांतून हद्दपार केलीं. पोलिसांनीं तीं जप्त करून घणांनीं फोडलीं आणि त्याचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत झळकलीं. महापौरांचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें होतें असें मला वाटत नाहीं. त्या वेळच्या यंत्रांत हाताला काम थोडें होतें, आणि कित्येक यंत्रें जिंकणाराला खरोखरच पैसे देत. परंतु बंदीनंतर पांचच वर्षांनीं, १९४७ सालीं, गॉटलीबच्या कारखान्यांतील हॅरी मॅब्स यानें 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्राला फ्लिपर बसविले आणि खेळाची जातच पालटली. फ्लिपर म्हणजे बोटाएवढी हलती पट्टी. पेटीच्या कडेची कळ दाबली कीं विजेच्या जोरानें ती उसळते आणि घरंगळत येणारा गोळा पुन्हां वर फेंकते. मॅब्सनें असे सहा बसविले होते. पुढल्याच वर्षीं स्टीव्ह कॉर्डेक यानें दोनच ठेवले, पण अगदीं तळाशीं, जेथें गोळा हातचा जातो तेथें. आतां डोळा आणि हात यांना खरें काम मिळालें. कायदा मात्र जेथल्या तेथें राहिला.

अखेर १९७६ सालीं रॉजर शार्प नांवाचे तरुण लेखक नगरपरिषदेच्या समितीपुढें उभे राहिले. यंत्र मांडलेलें होतें. शार्प यांनीं आधीं सांगितलें कीं आतां दट्ट्या सोडतांच गोळा वरच्या मधल्या गल्लींतून जाईल. आणि तो तसाच गेला. बंदी उठली. त्या एका फेंकींत नशिबाचाहि वांटा होता, असें शार्प यांनीं पुढें मोकळेपणीं सांगितलें आहे.

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं. नलोपाख्यानांत नल पुष्कराशीं द्यूत हरतो, राज्य घालवितो, आणि बाहुक या नांवानें ऋतुपर्णाचा सारथि होतो. वाटेंत ऋतुपर्ण बिभीतकाच्या झाडाचीं पानें व फळें पाहतां पाहतां मोजून सांगतो. अश्वविद्येच्या बदल्यांत तो नलाला अक्षहृदय, म्हणजे फांशांचें मर्म, शिकवितो. तें कळतांच कलि नलाच्या देहांतून बाहेर पडतो. बिभीतक म्हणजे आपला बेहडा. प्राचीन फांसे याच्याच फळांचे असत, आणि आमच्या कर्जत-खालापूरकडील रानांत तो आजहि आहे. महाभारतकारांनीं येथें द्यूताची तरफदारी केली आहे असें नव्हे. पण ज्याला आपण दैव म्हणतों त्याच्या पोटांत मोजतां येण्यासारखें कांहीं असूं शकतें, एवढें त्या कथेंत खचित आहे. आमच्या घरची फळी आषाढांत दमट हवेनें वांकते आणि छर्रे डावीकडे झुकूं लागतात. मुलांनीं तें तीन दिवसांत ओळखलें आणि दट्ट्याची ओढ आवरती घेतली. पुण्याहून आलेला भाचा मात्र आठवडाभर नशिबाला बोल लावीत हरत राहिला.

आपल्या कायद्यानेंहि हा भेद मानला होता. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानें निव्वळ कौशल्याच्या खेळांस सूट दिली. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा केला, त्यांत मात्र हा भेद बाजूस सारला आहे: खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळविणें निषिद्ध. मला यांत कांहीं गैर दिसत नाहीं. कारण नशीब किती आणि हात किती, या वादापेक्षां खेळांतील अडचण कोणाच्या सोयीसाठीं घातली आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पिनबॉल रचणाराला दोन धनी असतात. नाणें टाकणाराची इच्छा गोळा पुष्कळ वेळ टिकावा. दुकानदाराची इच्छा तो लौकर बुडावा. गोळा पोलादाचा, वजन सुमारें ८० ग्रॅम, व्यास २७ मिलिमीटर. त्याला गिळावयास दोन फ्लिपरांमधली फट आहे आणि दोन्ही कडांना एकेक गल्ली आहे. खुंट्या सरकवून गल्ल्या रुंद करतां येतात, मागचे पाय उंचावून उतार वाढवितां येतो, टिल्ट नाजूक करतां येतो, पांच गोळ्यांचे तीन करतां येतात. हें सारें दुकानदाराच्या हातीं. रचणाराचें कसब असें कीं इतकें होऊनहि गोळा बुडाल्यावर खेळणारानें यंत्राला शिवी देऊं नये; "मींच कळ लौकर दाबली" असें म्हणावें, आणि दुसरें नाणें काढावें. मीं पुष्कळ प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. नापास झालेल्या मुलाला आपण कोठें चुकलों तें कळावें, अशी प्रश्नपत्रिका काढणें किती अवघड असतें, हें मला ठाऊक आहे.

१९९२ सालच्या, पॅट लॉलर यांनीं रचलेल्या 'अ‍ॅडम्स फॅमिली' या यंत्राच्या वीस हजारांवर पेट्या खपल्या. पण पुढें खेळ घरोघर संगणकावर आले आणि १९९९ सालीं विल्यम्स कंपनीनें पिनबॉलचा धंदा गुंडाळला. आपल्याकडील पुष्कळांनीं पिनबॉल पाहिला तो विंडोज एक्सपीच्या संगणकांत फुकट मिळणारा 'स्पेस कॅडेट'! दुकानांतून निघालेलीं जुनीं यंत्रें तिकडे हौशी लोकांनीं घरीं नेलीं. २०१९ सालीं मी कन्येकडे कॅलिफोर्नियांत गेलों असतां जांवईबापूंनीं मला अलामीडा येथील पॅसिफिक पिनबॉल म्युझियम दाखविलें. प्रवेशाचे पैसे एकदां भरले कीं आंत नाणें लागत नव्हतें. एक यंत्र आरपार दिसेल असें पारदर्शक केलेलें होतें. मी खेळण्यापेक्षां त्याच्यापुढें उभा राहून तारा आणि वेटोळीं पाहण्यांतच अधिक रमलों.

तेथें एक संग्राहक गृहस्थ भेटले. त्यांच्या घरीं सात यंत्रें. एकेकाचें वजन शंभर किलोंहून अधिक. जिना चढवावयाचें म्हणजे चौघे भोई हवेत. रबरी कडीं झिजतात, विजेचे संपर्क काजळतात, फळीवरचें चित्र गोळ्याच्या वाटेवर नेमकें उडून जातें. तें सारें ते रविवारीं बसून दुरुस्त करीत. मला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. यंत्र घरीं आणल्यावर त्यांनीं तें सोपें केलें नव्हतें. उलट उतार वाढविला होता, गल्ल्या रुंद केल्या होत्या, टिल्ट अधिक नाजूक केला होता. सोपें यंत्र आठ दिवसांत संपतें, असें त्यांचें म्हणणें. पुष्कळ संग्राहक असेंच करतात म्हणे. दुकानदार गेला, नाणें गेलें, तरी माणसानें अडचण ठेवलीच. आतां ती त्याची स्वतःची होती.

मुलांच्या हातांतल्या मोबाइलवरील कित्येक खेळांची रीत याच्या उलट आहे. पहिल्या पायऱ्या मुद्दाम सोप्या. मग एक अशी कीं ती ओलांडतांच येत नाहीं. आणि नेमकें तेथें पैसे देऊन जादा 'जीव' घेण्याचें दुकान. ही अडचण हाताला शिकविण्यासाठीं नाहीं, बापाच्या खिशासाठीं आहे. त्या गृहिणींनीं आपला धाक इकडे वळवावा असें मीं त्यांना सुचविलें.

फळी घरांत राहूं द्यावी. तिच्यावर पैसा, गोळी, चॉकलेट, कांहीं लावूं देऊं नये. आणि ती किती कठीण असावी तें मुलांनाच ठरवूं द्यावें. उताराचें गणित त्यांना सहज जमेल. जुन्या पिनबॉलला साडेतीन अंशांचा उतार असे, हल्लींच्यांना साडेसहाचा. ६० सेंटिमीटर लांबीच्या फळीचें वरचें टोंक सुमारें पावणेचार सेंटिमीटर उचललें कीं पहिला मिळतो, सात सेंटिमीटर उचललें कीं दुसरा. आमच्या मुलांनीं दुसरा पसंत केला असून त्यासाठीं माझा आपट्यांचा कोश फळीखालीं सरकविला आहे. मला शब्द अडला म्हणजे डाव थांबवावा लागतो, आणि कोश परत ठेवतांना तो पहिल्याच जागीं ठेवला कीं नाहीं यावरून दररोज भांडण होतें.