ओरत्तनाडूचे अन्नछत्र आणि आजचा दाता

अर्थव्यवस्थेच्या अस्थिरतेची चाहूल लागताच मध्यमवर्गीय घराच्या अंदाजपत्रकातून सर्वांत आधी कापले जाते ते दान. विम्याचा हप्ता भरला जातो, मुलांच्या शिकवणीचे पैसे दिले जातात; एखाद्या संस्थेला दरवर्षी जाणारी रक्कम मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’ या सदरात जाते. ज्या वर्षी गरजू वाढतात, नेमक्या त्याच वर्षी देणारे हात आखडतात. कंपन्यांचेही तसेच आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार सामाजिक दायित्वाचा खर्च मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के ठरतो. म्हणजे मंदी लांबली की नफ्याबरोबर दायित्वही आक्रसते.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ओरत्तनाडु येथे उभे आहे. तेथील मुक्तांबाळ छत्रम् तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1802 मध्ये स्थापन केले. मुक्तांबाळ ही त्यांची प्रेयसी. आपल्या नावे एक छत्र असावे, अशी तिची अंतिम इच्छा होती, असे सांगतात. परंतु येथे लक्षात घ्यायचे ते साल. 1799 च्या तहाने सरफोजींचे राज्य कंपनीकडे गेले होते. राजाच्या हाती उरली ती वर्षाला एक लाख पॅगोडांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. त्याआधी 1781 च्या सुमारास हैदर अलीच्या स्वारीने हा भातपिकाचा मुलूख उजाड केलेला होता. सत्ता गेलेल्या, उत्पन्न घटलेल्या माणसाने हात आखडता घेतला असता तर कोणी दोष दिला नसता.

सरफोजींनी उलट केले. 1801 मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी पूर्वजांच्या छत्रांचे उत्पन्न अबाधित ठेवण्याची विनंती केली. रामेश्वराच्या वाटेवरील या छत्रांत ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्वांना अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे का, हे पाहिले जाई. आजाऱ्याला बरा होईपर्यंत औषध व पथ्य, तान्ह्या मुलांना दूध दिले जाई. दातृत्वाची ही कीर्ती त्यांना आपल्या पदाचे सर्वांत मोठे भूषण वाटत होती.

हे औदार्य निर्मळ होते, असे म्हणण्याचे कारण नाही. छत्राला लावून दिलेल्या जमिनींचे उत्पन्न शेवटी कुळांच्या घामाचेच होते, आणि जेवण सर्वांना मिळाले म्हणून जातीची उतरंड मोडली नव्हती. तरीही एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. जमिनीचे उत्पन्न कायमचे तोडून दिल्यामुळे वाटसरूचा घास राजाच्या त्या दिवशीच्या धास्तीवर अवलंबून राहिला नाही. अवर्षणात जमीनही दगा देते, हे खरे. पण तिला मन बदलता येत नाही.

नोव्हेंबर 2018 मध्ये ‘गाजा’ चक्रीवादळाने याच ओरत्तनाडु–पट्टुकोट्टई पट्ट्यातील नारळबागा आडव्या केल्या. मदतीचा ओघ आला. मात्र नारळाचे नवे रोप फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात आणि ओघ काही आठवड्यांत ओसरतो. 2019 च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीकरांनाही हा अनुभव नवा नव्हता. पहिल्या आठवड्यात चादरी आणि बिस्किटांचे ढीग लागतात. दुसऱ्या वर्षी शाळेच्या शुल्कासाठी कोणी विचारत नाही.

नुकसानभरपाई, पीकविमा, सार्वजनिक भोजन ही राज्यसंस्थेची कामे आहेत. खासगी दानाने त्यांची जागा घेऊ नये. पण ज्यांचे वेतन सुरू आहे, त्यांनी उत्पन्नाचा लहानसा का होईना, हिस्सा चांगल्या-वाईट वर्षांचा विचार न करता दरमहा लावून द्यावा, आणि तो स्वीकारणाऱ्या संस्थेला पाच वर्षांचे वचन द्यावे. अशा वचनाच्या आधारे संस्थेला परिचारिका नेमता येते आणि एखाद्या मुलीचे वसतिगृहातील नाव शिक्षण पूर्ण होईपर्यंत कायम ठेवता येते. ओरत्तनाडूच्या छत्राची वास्तूही पुढे शाळा आणि वसतिगृहाच्या कामी आली.