काकांची जागल

"भाऊ, वाघ पाह्यला का मंग?" बार्शीटाकळीच्या स्टँडवर चहावाल्याने कप पुढे करत विचारलं.

वाघ नाही रे, चित्ता.

"म्हंजे बिबट्याच ना?"

झालं. भुसावळवरून ग्वाल्हेर, तिथून श्योपूर, मग कुनोच्या जंगलात पहाटे कुडकुडत जिप्सी, एवढा खर्च करून आलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं! सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोत आणले. आम्हाला दिसला एकच. करधईच्या बुंध्याशी, कोवळ्या उन्हात, गळ्यात पट्टा. दुर्बीण लावली, तर डोळ्यापासून ओठापर्यंत काजळ ओघळावं तशी काळी रेघ. बिबट्याला ती नसते. याचे ठिपके भरीव, बिबट्याची फुलं. स्वारीने मान उचलली, जांभई दिली आणि डोकं परत टेकवलं. हाच म्हणे जमिनीवरचा सगळ्यात वेगवान प्राणी.

बाकावरचे काका इतका वेळ गप्प होते. "एखांदा इकडं सोडा म्हना ना. रोह्यायनं हरबरा ठेवला नाई." रोही म्हणजे नीलगाय.

"काका, चित्ता पन्नासेक किलोचा, थोराड रोही दोनशेच्या वर. लाथ बसायची त्यालाच. त्याला काळवीट लागतं."

"कायविटं काय कमी नासधूस करतात?"

यावर मी कोल्हापूर काढलं. काळविटामागे चित्ता सोडणं हा त्या संस्थानाचा शौक. चित्तेवान डोळे झाकलेला चित्ता गाडीवरून कळपाजवळ न्यायचे आणि टोपी काढायचे. पण कोंडलेला चित्ता सहसा वीत नाही; म्हणजे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरायचा. राजेरजवाड्यांनी असे शतकानुशतके धरले, माळरानंही गेली. शेवटी कोल्हापूरने आफ्रिकेतून मागवले. कुनोच्या कितीतरी आधी आफ्रिकेचा चित्ता महाराष्ट्रात नोकरीला लागला होता! आपल्या रानातले शेवटचे तीन १९४७च्या सुमारास कोरिया संस्थानाच्या महाराजांनी मारले, असं सांगतात. १९५२मध्ये सरकारने चित्ता संपल्याचं जाहीर केलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून बॅटरी काढली, तळहातावर आपटून लावून पाहिली. उजेड पिवळट पडला.

"दोन सेल घे रे," ते चहावाल्याच्या पोराला म्हणाले, "जागलीले जाचं हाय."