रंकाळ्याचा काठ आणि नगराचे कर्तव्य

शहराची संस्कृती केवळ वाड्यांवरून व बाजारपेठांवरून ठरत नाही. श्रमलेल्या नागरिकास चार पावले निर्वेधपणे चालता येतील अशी जागा शहराने राखली आहे काय, यावरूनही ती ठरते. या कसोटीवर कोल्हापूर भाग्यवान होय. रंकभैरवाच्या नावाने ओळखला जाणारा रंकाळा मूळचा दगडाची खाण, असे परंपरा सांगते. पाण्यातील संध्यामठ, काठावरील शालिनी पॅलेस व पद्माराजे उद्यान यांच्या सान्निध्यात प्रभाती व सायंकाळी आबालवृद्ध फिरावयास येतात. येथल्या वाऱ्यास ना श्रीमंती ठाऊक, ना शिफारस.

परंतु काठाची शोभा पाण्याच्या आरोग्यावर अवलंबून असते, याचा आपणांस विसर पडला आहे. नाल्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तलावात मिसळत आले. त्यातील नत्र व स्फुरदावर केंदाळ आणि शेवाळ पोसते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, तरी दुखणे समूळ गेले नाही. केंदाळ उपसणे ही मलमपट्टी झाली; सांडपाणी अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळविणे हाच खरा उपचार. रोषणाई व कारंजी यांचा विचार त्यानंतर व्हावा, असे आम्ही महानगरपालिकेस स्पष्टपणे सुचवितो.

नागरिकांचाही दोष लहान नाही. ज्या पाण्यावरून येणारी झुळूक आपण रोज घेतो, त्यातच निर्माल्य व भेळेचे कागद टाकणे ही कृतघ्नता आहे. पूर्वजांनी राखलेला रंकाळा पुढील पिढीच्या हाती पाणी म्हणून द्यावयाचा की गटार म्हणून, याचा निर्णय आजच झाला पाहिजे.